तुझं ते नाताळचं डुक्कर

प्रिय रेमंड,

तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. जिवंतपणी कधी धड उत्तर दिलं नाहीस, आता काय देणार! पण काल शुक्रवारी जे उघडकीला आलं, त्याचा जाब दुसऱ्या कोणाला विचारू?

आपल्या नेल्सनने गच्चीवर ग्रिल मांडलं. मेक्सिकन टाको करायचे म्हणे. त्याच्या फोनवर मी नाव वाचलं, 'स्मोकी पोर्क टाको'. आणि फ्रीजमध्ये गाठ मारलेली काळी पिशवी! इथे कुवेतमध्ये, बंदी असताना, डुक्कर!

"कुठून आणलंस हे?"

"मम्मी, चिल. डोन्ट आस्क."

अगदी तुझाच चेहरा. माझा संशय तिथेच पक्का झाला. पोरगा नोकरी घालवणार, इथे राहायचा इकामा घालवणार, आम्हा दोघांना परतीच्या विमानात बसवणार!

आणि जेवायला बोलावलं होतं कोणाला? सकीनाला! समोरच्या दारातली, रत्नागिरीची आपली सकीना. तू गेलास तेव्हा आठवडाभर माझ्या घशाखाली पेज घालणारी.

निखाऱ्यांवर चरबी ठिबकत होती, धूर नाकात जात होता. पहिला टाको मी उचलला. मिरची, अननस आणि त्यामागून तीच चव, आपल्या नाताळच्या डुकराच्या इंद्यालची! डुक्करच, शंकाच नको. सकीनाचा घास तोंडाशी होता.

"सकीना, थांब! डुकराचं आहे ते!"

ती जागच्या जागी थिजली. नेल्सन मात्र हसत सुटला.

"वासराचं आहे, मम्मी. हवल्लीच्या खाटकाकडचं. वर दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी लावलीय. डॅडीनेच शिकवलेली ट्रिक! एव्हरी ख्रिसमस तू हेच खात होतीस."

रेमंड! दरवर्षी कागदात गुंडाळलेलं ते पुडकं! 'कुठून ते विचारू नकोस' म्हणायचास. मी खिडक्या लावून, दाराखाली ओला टॉवेल कोंबून इंद्याल शिजवायचे. फादरांपुढे कायदा मोडल्याची कबुली द्यायचे आणि तू बाकावर डोळे मिटून बसायचास. लाज नाही वाटली? तीस वर्षं शाळेत मुलांच्या थापा पकडल्या मी, घरातली एक नाही पकडली!

इथल्या पहिल्या नाताळला मी वसईच्या आठवणीने रडले, म्हणून केलंस का? मग नंतर तरी सांगायचंस! रागावले असते, म्हणून? रागावलेच असते!

पण माझं जाऊ दे. सकीनाचं काय? दर नाताळला वास आला की ती दार वाजवायची. "अगो फिलू, काय रांधलंस?" मी दार अर्धंच उघडायचे. केकची बशी हातात देऊन तिला वाटेला लावायचे. तिचा धर्म बाटू नये म्हणून, रेमंड!

काल ती म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या हातचं तुला चालतं, पण तुझ्या ताटात माझा हात तुला नको असतो."

इतकी वर्षं हे मनात ठेवून ती येत राहिली. मला मान वर करवेना.

मग तिने तो टाको उलटसुलट करून पाहिला आणि परत ताटलीत ठेवला. "आज नको," म्हणाली. "आधी तुझं आणि तुझ्या पोराचं एक काय ते ठरू दे."

बरोबरच आहे तिचं. खरं सांगू? मलाही अजून खात्री नाही. माझ्याशी खोटं बोललास, तसा पोराशीही बोलला नसशील कशावरून?

तेव्हा माझा शब्द ऐकून ठेव. नाताळच्या आदल्या दिवशी सकीनाला घेऊन मी स्वतः त्या खाटकाकडे जाईन. वासराचं मांस आणि चरबी तिच्या डोळ्यांसमोर कापून घेईन, तिच्याच पातेल्यात, दार सताड उघडं टाकून शिजवीन. पहिला घास तिचा. चव तीच निघाली तर तुला माफी. नाही निघाली, तर मी वर आले की बघते तुझ्याकडे.

तुझ्यावर अजून संशय असलेली,
फिलू