भाऊबीजेची पुडी

॥ श्री ॥

टाकवे बुद्रुक, ता. ३० जून २०२४

चि. सौ. येसू हिस भिमाजीचे अनेक आशीर्वाद.

तू फोन करतेस आणि मी पलीकडून नुसता व्हय व्हय म्हणतो, हे तुझ्या ध्यानात आलं ते बरं झालं. डावा कान गेलाच होता, आता उजव्यानेही मान टाकली. तेव्हा यापुढे पत्रच. डोळे अजून शाबूत आहेत.

तुझी वहिनी अंबू जाऊन पाच महिने झाले. घरात करमत नाही, म्हणून मागचा मांडव नीट केला आणि काकडी लावली. आपल्या आईचं बी अंबूने तिच्या मागे पस्तीस वर्षं जपलं. दरवर्षी राखेत-शेणात कालवून मागच्या भिंतीला थापायची. गावात आता हे बी कुणाकडे उरलं नाही, सगळे दुकानातली पाकिटं आणतात. यंदा ती थापी फोडली, तर उंदरांनी आतून पोखरलेली. निवडून निवडून अकरा बिया निघाल्या.

अकराही लावल्या. अंबू जाण्याआधी दोनदा म्हणाली होती की सगळं बी एकदम जमिनीत घालू नका, थोडं मागं ठेवा. पण तिला ताप होता, तापात माणूस काहीही बोलतं. आणि अकरातलं मागे ते काय ठेवायचं? सगळ्या उगवल्या आहेत.

तू आणलेले मगजाचे लाडू केव्हाच संपले. डबा घासून ठेवलाय. अंबूला तसे लाडू कधी जमले नाहीत, आणि हे मी तिच्या तोंडावर म्हणायचो. निवृत्तीरावांना नमस्कार. उत्तर धाडत जा, तेवढंच घरात कुणी बोलल्यासारखं होतं.

तुझा दादा,
भिमाजी

॥ श्री ॥

भांगरवाडी, लोणावळा, ता. ९ जुलै २०२४

तीर्थरूप दादांस येसूचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर लावायला मला अर्धा तास लागला आणि ह्यांना एक तास, तेव्हा जरा मोठं लिहीत चला. ह्यांचा गुडघा सुजलाय. इथे पाऊस असा लागलाय की आठ दिवसांत एक चादर वाळली नाही.

अकरा वेल ऐकून जीव भरून आला. वहिनी पहाटे उठून पानांवर राख उडवायची, ते विसरू नका. तिच्या हातची काकडी मिठाशिवाय खावी. पहिलं फळ मला गौरीपुढे ठेवायचंय, आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही शेजारच्या गोरखच्या घरी देऊन मोकळे व्हाल.

दोन वेळा जेवता का, ते पत्रात लिहिलं नाहीत. वेलांची एवढी काळजी घेता, थोडी स्वतःची घ्या. मला आता माहेर म्हणजे तुम्ही एकटेच. माया आहे तशी राहू द्या, आणखी काही मागत नाही.

तुमची धाकटी,
येसू

॥ श्री ॥

टाकवे बुद्रुक, ता. ४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. येसूस आशीर्वाद.

जेवतो. एकदा करतो, दोनदा खातो.

वेलांवर तांबडे भुंगे पडलेत. तांदळाएवढाच जीव, पण पानाची चाळण करतो. उजाडताना ते गारठलेले असतात, तेव्हा एकेक वेचून साबणाच्या पाण्यात टाकतो. काल एकशे चाळीस वेचले. राखही उडवतो, पण एका सरीत धुऊन जाते. भुंगे वेचताना अंबू त्यांना शिव्या द्यायची. मला शिव्या सुचत नाहीत, मी नुसता वेचतो.

परवा दोन दिवस उघडीप होती. भर दुपारी तिसऱ्या वेलाची पानं लोंबली. पाणी कमी पडलं म्हणावं तर पायाखाली चिखल. सकाळी वेल पुन्हा ताजा, दुपारी पुन्हा मान खाली. म्हणून कृषी सहाय्यक रुपालीताईंना बोलावलं. पोरगी शहाणी आहे. तिने एक फांदी तोडली, तुटलेली दोन टोकं एकमेकांवर दाबली आणि हळूच लांब केली. मधे शेंबडासारखी तार आली. हा मर रोग, यावर औषध नाही, असं ती म्हणाली. भुंगा आजारी वेल खातो आणि तोच रोग तोंडाने दुसऱ्या वेलाला देतो. वेल आजच उपटून जाळा, असं तिने मला ऐकू यावं म्हणून दोनदा ओरडून सांगितलं.

पण येसू, याच वेलाला पहिलं फळ धरलंय, वीतभर झालंय. फळाला आलेला वेल आपल्या घरात कधी कुणी उपटला नाही. आई म्हणायची, पोटुशीला दाराबाहेर काढतात का? आणि अंबू बियाला पहिलंच फळ ठेवायची. मी त्या फळाला दोरा बांधलाय. महिनाभराचा तर प्रश्न आहे.

आपल्या माणसांवर जीव आहे तसा असू दे.

भिमाजी

॥ श्री ॥

भांगरवाडी, लोणावळा, ता. १२ ऑगस्ट २०२४

ती. दादांस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. दादा, वेल उपटा. आईची रीत आईच्या काळची. घरातल्या एकाला साथीचा ताप आला तर बाकीच्यांना त्याच्याच पांघरुणात निजवतो का आपण? गौरीला मी बाजारची काकडी आणीन, गौर काही विचारायची नाही. बाकीचे दहा वाचवा. रुपालीताईचं ऐका, आणि माझ्यावर रागावला असाल तर तेही लिहा.

येसू

॥ श्री ॥

टाकवे बुद्रुक, ता. २ सप्टेंबर २०२४

चि. सौ. येसूस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा चार वेल लोंबले होते. तेव्हाही मी हात लावला नाही. आता एकही राहिला नाही. परवा मांडव मोकळा केला आणि सगळं जाळलं. ओलं होतं, नुसता धूर झाला.

दोरा बांधलेलं फळ शेवटपर्यंत ठेवलं होतं. ते वेळेआधीच पिवळं पडलं. चिरून बी पाण्यात टाकलं तर झाडून सगळं वर तरंगलं. आत दाणाच नव्हता. तांब्याभर पाण्यात पोचट बी हलत होतं आणि मी बघत बसलो.

पण निराश होऊ नकोस. काल तुझ्या लाडवांचा रिकामा डबा फळीवर ठेवताना एकदम आठवलं. अंबू दर भाऊबीजेला तुझ्या ओटीत एक पुडी घालायची ना? ते हेच बी. मी तिला एकदा हसलो होतो, की वन्संच्या चाळीत वीतभर माती नाही, त्यांना बी कशाला? तेव्हा ती म्हणाली होती की सगळं बी एका छपराखाली झोपवायचं नाही, अर्धं लेकीच्या घरी असावं, अशी सासूबाईंनी घालून दिलेली रीत आहे. आग लागो, उंदीर लागो, दुसऱ्या घरात ते राहतं.

तर तुझ्याकडच्या पुड्या पाठव. जुन्या असल्या तरी चालतील, काकडीचं बी चार-पाच वर्षं उगवतं. आज किती दिवसांनी पोटभर जेवलो. पोस्टाची वाट बघतो.

भिमाजी

॥ श्री ॥

भांगरवाडी, लोणावळा, ता. १४ सप्टेंबर २०२४

ती. दादांस येसूचा शिरसाष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. पोस्टाचा दोष नाही, माझा आहे. पत्र मिळालं तेव्हा गौरी यायच्या होत्या. गौरी बसल्या, गेल्या, आणि मी रोज उद्या लिहू म्हणत राहिले.

दादा, पुड्या नाहीत. एकही नाही. डबे, बरण्या, ट्रंक, सगळं झाडून पाहिलं.

मला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी पुडी हातात द्यायची आणि हसायची, एवढंच. मी बावीस वर्षं मिठाईच्या कारखान्यात बिया सोलून आतला मगज निवडला. बी हातात आलं की सोलायचं, हेच मला ठाऊक. दर वर्षी दिवाळी झाली की मी ती पुडी सोलायची, तुपावर परतायची आणि तुमच्या लाडवांत घालायची. तुम्ही नावाजलेत ते लाडू त्या बियाचे होते.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही. मार्गशीर्षात मी लाडू घेऊन आले तेव्हा वहिनी अंथरुणावर होती. तिने अर्धा खाल्ला आणि आत काय आहे ते विचारलं. मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, तुझंच बी आहे, दरवर्षी तेच तर घालते. तिने उरलेला अर्धा लाडू परत वाटीत ठेवला. मग म्हणाली, वन्सं, लय ग्वाड झालंय. मला वाटलं, आजारी माणूस, दमली असेल.

काय म्हणायचं ते म्हणा. लोभ मागायला तोंड नाही.

येसू

॥ श्री ॥

टाकवे बुद्रुक, ता. २३ सप्टेंबर २०२४

चि. सौ. येसूस दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन दिवस ते फळीवरच्या डब्याखाली ठेवून दिलं. रागही आला, खोटं कशाला बोलू.

मग हिशेब लागला. अंबू थोडं मागं ठेवा म्हणत होती ती तापात नव्हे. तुझ्या घरात काही उरलं नाही हे तिला कळलं होतं. पण कारण सांगावं तर तुझी चूक उघडी पडते, म्हणून तिने कारण सांगितलं नाही. आणि कारण नव्हतं म्हणून मी ऐकलं नाही. रीत मला ठाऊक होती, मी तिला हसलो आणि तुला सांगितली नाही. पुढे वेलही मीच ठेवला. तू एकटीने घालवलं असं मनात आणू नकोस.

तीन नोव्हेंबरला भाऊबीज आहे. ओटीत घालायला यंदा पुडी नाही. तू ये. येताना लाडू आण, मगज बाजारचा चालेल.

तुझाच दादा,
भिमाजी