बशीतलं हाड

६ जुलै १९९८, जे. पी. नगर
सौ.च्या खुब्याचा पुन्हा फोटो काढला. ऑपरेशन होऊनही मोडलेलं हाड जुळलेलं नाही. डॉ. म्हणाले, दम्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन हाडं पोकळ झालीत. मग बंद करू, मी विचारलं. नाही, एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल. मग मी करू काय, ते सांगितलं नाही. ऑटोत चढवताना ती कळवळली.

१२ जुलै, रवि.
धाकटीने, नंदाने, तिची प्रयोगशाळा दाखवली. माणसाच्या मज्जेतल्या मूळपेशी काचेच्या बशीत वाढवतात. त्यांत औषधाचे बारीक रेणू सोडले की त्या हाड धरू लागतात. हाड धरलं तिथे तांबडा रंग चढतो. यंत्रातून पाहिलं.
"आईच्या पायात घाल की हे!"
ती हसली नाही. "अण्णा, आई दम्यासाठी घेते तेच औषध आहे हे."
"मग तिची हाडं पोकळ कशी?"
"अंगात उलटं होतं. इथे आम्ही अगदी स्वल्प घालतो. आणि... सगळं आम्हालाही कळलेलं नाही."
एवढी शिकलेली मुलगी. तिलाही जर कळत नाही, तर मला काय कळणार.

१३ जुलै
सौ.ला सगळं सांगून बसलो. लगेच म्हणाली, "म्हणजे थोडं घेतलं की हाड धरतं. अर्धीच द्या."
नाही म्हटलं. डॉक्टर रागावतील.
"तुम्हाला काय कळतंय, सातवी नापास!" हसली. फार दिवसांनी.

१९ जुलै
सकाळपासून धाप. ओठ निळसर. उशीच्या अभ्र्यात अर्ध्या अर्ध्या गोळ्या सापडल्या. नंदा नि मी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉ. माझ्यावरच ओरडले.

२४ जुलै
घरी आणलं. गोळी पूर्वीएवढीच, अख्खी. आता मी समोर उभं राहून द्यायची.
नंदा रडवेली. "आई, बशीतला हिशोब अंगाला लागू होत नाही गं."
"तू तुझी बशी सांभाळ. मला संडासला माझ्या पायाने जायचंय, एवढंच."


२५ जुलै
सकाळी गोळी दिली. तोंडात टाकली, पाणी प्यायली, माझ्याकडे बघत राहिली. "झालं समाधान?" म्हणाली. शब्द जरा जड वाटला, जिभेखाली काही असल्यासारखा. तोंड उघड, असं म्हणायला हवं होतं. तिच्याच पदराने तिचे ओठ पुसले आणि भांडं विसळायला आत गेलो.