काठीभोवती वळसा

सायखेडा, रविवार, दिवेलागण

लिही गं पिंके, आजी सांगते तसं.

थोरल्यानं मासे धरायची नवी काठी आणली. दोरा ओवायच्या कड्या काठीभोवती वेलासारखा वळसा घेत खालच्या अंगाला उतरतात. मी म्हटलं, "दारू पिऊन बसवल्या काय रे?" पण नदीवर धरून पाहिली. फेकताना दोरा वळणावर अडकतो खरा, पण मासा ओढतो तेव्हा काठी हातात फिरत नाही.

तुझ्या आजोबांच्या काठीला कड्या सरळ वरच्या अंगाला. मासा लागला की काठी हातात फिरून उलटी व्हायची. मनगट गेलं समजून त्यांनी नदीच सोडली. आता तर डोळेही गेले.

आज त्यांनी त्या वळशावरून बोट फिरवलं. "म्हणजे हात चांगला होता माझा?"

एरवी मी चिडवलं असतं. आज नुसतं "होता" म्हटलं.