दोन वर्तमानपत्रांचे गाव

मारेगाव,
ता. १२ जानेवारी १९५७

चि. सौ. इंदूस पुंडलिकदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही खुशाल आहोत. तुझा खोकला थांबला का, ते कळव.

शाळेतून निवृत्त झाल्यावर रामरावांनी आणि मी वाचनालय काढायचे ठरवले होते, ते दिवाळीत सुरू झाले. नागपूरहून दोन वर्तमानपत्रे येतात. एक म्हणते, विदर्भाचे वेगळे राज्य हवे. दुसरे म्हणते, सारा मराठी मुलूख एक व्हावा. मी वाचतो, पन्नास माणसे ऐकतात. पूर्वी पाटील सांगतील तिकडे गाव जाई. लोक जाणते झाले की खरे काय ते सर्वांना सारखेच दिसेल, अशी माझी खात्री आहे. हसू नकोस.

आपल्या बेबीचे रामरावांच्या मुलाशी, भीमराजशी, लग्न अक्षय्यतृतीयेला धरले आहे. तू आठ दिवस आधी ये. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझा, पुंडलिकदादा

मारेगाव,
ता. १८ मार्च १९५७

चि. सौ. इंदूस आशीर्वाद. वि. वि. मतदान झाले आणि गाव फाटले.

वाचनालयात वेगळ्या विदर्भाचे लोक एका भिंतीशी बसत, एकीकरणाचे दुसऱ्या; रामराव पहिलीकडे, मी दुसरीकडे. दोघांकडे आकडे, दोघांचेही छापील. मी भर सभेत रामरावांना म्हणालो की, तुम्ही अर्धेच वाचता. ते म्हणाले, मास्तर, वाचायले तुम्ही सांगितलं, आता काय वाचायचं तेही सांगता? उठून गेले. दुसऱ्या दिवशी सोयरीक मोडल्याचा निरोप आला.

वाचनालयाला मी कुलूप लावले आहे. काही कळत नव्हते तेव्हा एका पंगतीला जेवत होतो. हे मीच गावात आणले. बेबी काही बोलत नाही. तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

पुंडलिकदादा

वणी,
ता. २५ मार्च १९५७

ती. दादास इंदूचा साष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र वाचून जीव थाऱ्यावर राह्यला नाही.

दादा, पहिले गावाचं एकमत होतं म्हणता. मले कोणी कधी विचारलं होतं? यंदा यांनी सांगितलं होतं, कोणत्या उमेदवाराच्या पेटीत चिठ्ठी टाकायची ते. मी दुसऱ्या पेटीत टाकली अन् घरी येऊन सांगूनही दिलं. दोन दिवस हे जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, काहून टाकली? वीस वर्षांच्या संसारात यांनी मले पहिल्यांदा कारण विचारलं. मी सांगितलं. यांना पटलं नाही, पण ऐकून घेतलं.

बेबीनं मले पत्र टाकलं आहे. त्यात काय आहे ते मी सांगणार नाही. तुम्हीच विचारा तिले, अन् तिचं होईपर्यंत मधी बोलू नका. तुमाले ती खोड आहे. लहान बहीण शहाणपण शिकवते म्हणून रागावू नका. माया आहे म्हणूनच लिहिलं.

तुमची, इंदू

मारेगाव,
ता. ९ एप्रिल १९५७

चि. सौ. इंदूस आशीर्वाद. वि. वि. बेबीला विचारले. ती म्हणाली, बाबा, मी रामरावकाकांच्याच मताची आहे. दोन्ही वर्तमानपत्रं मी पुरती वाचली. मग कारणे सांगत गेली. एक अगदी चूक होते, दोन मात्र वजनाची होती. मी मधे बोललो नाही. फार जड गेले. माझ्याच घरात पोर इतके दिवस माझ्या धाकाने गप्प होती, याची लाज वाटली.

कुलूप काढून थेट रामरावांकडे गेलो. म्हणालो की, सभेत तुमचा अपमान केला ते चुकले. मत मात्र बदललेले नाही. बेबी तुमच्या बाजूची आहे, हेही सांगितले. त्यांनी सुपारी कातरून माझ्यापुढे केली. लग्नाचे एवढेच म्हणाले की, पोराले विचारतो. तो होकार नव्हे. बेबीला तसेच सांगितले, तेव्हा ती चुलीकडे तोंड करून बसली. अक्षय्यतृतीया तर गेलीच म्हणून समज.

निघालो तेव्हा रामराव देवळापर्यंत पोचवायला आले. तिथे माझ्याने राहवले नाही, आकड्यांचे पुन्हा निघाले. ते भडकले, मीही भडकलो. दोघे म्हातारे भर रस्त्यात तासभर भांडत होतो. लोक दारात येऊन उभे राहिले. ऊन डोक्यावर आले तेव्हा रामराव म्हणाले, मास्तर, घसा सुकला, बाकीचं उद्या.

उद्या सकाळी जाणार आहे.

तुझा, पुंडलिकदादा