तुळशीचे पान

मंगळवार, कार्तिक वद्य षष्ठी. स्टॅनमोर, लंडन.

माझी नात इरा व्हिक्टोरियन काळातली कादंबरी लिहीत आहे. आज फोनवर तिने प्रकरण वाचून दाखवले: अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्याचा खून होतो, एक स्त्री गुप्तहेर तपास करते.

मी विचारले, "इतरांच्या देहांना स्नान घालणाऱ्या त्याला स्नान कोणी घातले ग?"

"आजी! मर्डरर कोण, ते विचार ना!"

पण मन तिथेच अडकले. हे गेले तेव्हा शेवटचा विधी मला जमेना, म्हणून इथल्या फ्युनरल डायरेक्टरने परवानगी मागून ह्यांच्या मुखी तुळशीचे पान ठेवले. नित्य गीतापाठ करणाऱ्या मला त्याचे नावही विचारावेसे वाटू नये?

इराचा पुन्हा फोन. "आता डिटेक्टिव्हच त्याला अंघोळ घालते. तेव्हाच क्लू मिळतो!"

उद्या त्या गृहस्थांकडे जाईन. आधी नाव विचारीन, मग तुळशीचे रोप देईन.