टाकीतलं पाणी

खराडी, पुणे

ती. आईस स्वरालीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

विमान उडवायची माझी परीक्षा पुन्हा पुढे गेली. इंधनाच्या टाकीत पाणी सापडलं. पाऊस नाही, झाकणही नवं बसवलंय. तरी माझी परीक्षा असली की पाणी येतंच. मेकॅनिक रावसाहेब म्हणतात, “आमच्या सोसायटीच्या टाकीत येत नाही, इथं मात्र न चुकता.”

आज काढलेल्या पाण्यात तुळशीचं पान होतं. त्याला अष्टगंधाचा वास येत होता.

मी पास होईपर्यंत तू देव पाण्यात ठेवले आहेस ना? त्यांना बाहेर काढ, पुसून देव्हाऱ्यात ठेव. ताम्हनातलं पाणी किती कमी झालंय, ते मात्र मला कळवू नकोस.

तुझी, अजून जमिनीवरच असलेली,
स्वराली