मसाल्याच्या पाटीवरची बाई

पौड, ता. मुळशी
एप्रिल १९८३

आदरणीय फकरुद्दीनभाई यांना कमरुद्दीनचा सलाम पोहोचावा. तुमची, भाभींची आणि मुलांची तब्येत अल्लाच्या मेहेरबानीनं चांगली असेल अशी उमेद आहे. म्हैस चारा खायला लागली का? (मागच्या बुधवारी नेऱ्याला आलो तेव्हा विचारायचं राहिलं. त्या दिवशी बरंच विचारायचं होतं, आणि मी नुसता चहा पिऊन परत आलो.) माझा गुडघा आहे तसाच आहे. छातीत धडधडतं, पण डॉक्टर म्हणतात काही नाही, आणि काही नाही म्हटलं की मला जास्तच काळजी वाटते.

तुमच्या बहिणीनं, जोहराबीनं, तिची बाजू तुम्हाला सांगितली असेलच. माझी बाजू तिच्याइतकी चांगली नाही, पण लांब आहे, म्हणून पत्र लिहितो. आपली नात मुनीरा पुण्यात एम.ए. करते. तिला जाहिरातीतल्या बायकांवर प्रबंध लिहायचा आहे. मला वाटलं, बायका किती सुंदर असतात असं काहीतरी लिहायचं असेल. सुट्टीत ती वही घेऊन आपल्या किराणा दुकानात बसली आणि पुड्यांवरच्या, डब्यांवरच्या, कॅलेंडरवरच्या बाया मोजायला लागली. सतरा भरल्या. सतराही गोऱ्या, सतराही हसऱ्या, आणि एकीच्याही हाताला चटका नाही. मुनीरा म्हणाली, "दादा, चित्र काढणारा पुरुष, विकणारा पुरुष, बघणाराही पुरुषच धरलेला. बाई फक्त बघायला ठेवलेली. तिनं राबायचं तेही हसत, आणि बोलायचं काहीच नाही." (यावर पुस्तकं आहेत म्हणे, परदेशी बायकांनी लिहिलेली. मी चौथीपर्यंत शिकलो, आमच्या पुस्तकात बाई आडावर पाणी भरायची आणि पुढच्या धड्याला बैल यायचा.) मी हसलो. तिथं हसायला नको होतं.

कारण अठरावी बाई दुकानाबाहेर भिंतीवर होती. तुम्ही पाहिली आहे. गेल्या दिवाळीत वाल्मीक पेंटरकडून काढून घेतली, कॅलेंडरवरून तोंड उचलून. हातात ताट, तोंडभर हसू, खाली फूटभर अक्षरात 'कमरुद्दीन मसाला'. (पाटीवर बाई नको असं मशिदीतल्या हाफिजसाहेबांनीही सांगितलं होतं. त्यांचं कारण वेगळं, मुनीराचं वेगळं, पण दोघांचं एकमत झालेलं पाहून मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.) मुनीरानं विचारलं, "ही कोण? आणि मसाला कुटतं कोण?" मी काही बोलायच्या आत मिरचीच्या पोत्याआडून जोहराबी बाहेर आली. हात कोपरापर्यंत लाल. म्हणाली, "कुटायचं म्या, नाव तुमचं, आन् त्वांड ह्या भवानीचं. मग मी हाय तरी कुटं?"

भाई, त्या वेळी मी एक शब्द चांगला बोललो असतो तर आज हे पत्र नसतं. मी म्हणालो, "तू आत आहेस की." दुसऱ्या दिवशी मुसळ भिंतीला टेकलेलं होतं आणि ती नेऱ्याच्या एसटीत बसलेली होती. ऐन मिरचीच्या दिवसांत.

मी घाबरून पाटी सुधारायला घेतली. वाल्मीकला सांगितलं, ताट पूस, मुसळ दे. त्यानं दिलं. पण हसू तेच, बांगड्या त्याच, आणि मुसळ खांद्यावर. बाई कुणाला तरी बदडून आल्यासारखी दिसायला लागली. मुनीरा म्हणाली, कष्ट आले पण थकवा कुठाय? म्हणून घाम काढला. वाल्मीकनं रंग पातळ केला होता, तो ओघळला. घामाच्या धारा डोळ्यांखालून हनुवटीपर्यंत. सगुणाबाई पावशेर मसाला न्यायला आल्या, पाटीकडं बघून म्हणाल्या, "एवढं तिखट आसंल तर नगं बाई," आणि गूळ घेऊन गेल्या. मग मी चिडून बाई पुसायला लावली आणि स्वतःला काढून घेतलं, मिशांसकट, मुसळ हातात. बाजारादिवशी भूगावचा गेणबा चारचौघांत ओरडला, "कमरूशेठ, बायकू गेल्याचं भितीवर छापलंत व्हय!"

पाटीवर मुसळ धरलं तर खरंही धरून बघावं म्हणून एकदा उखळाशी बसलो. अर्धा शेर झाला नसेल, शिंका, खोकला, आणि त्याच हातानं डोळे पुसले. हाताची आग तीन दिवस गेली नाही. त्या तीन दिवसांत जोहराबी हाताला काय लावते हे आठवून पाहिलं. आठवलं नाही. भाई, मला माहीतच नव्हतं. तीस वर्षं गल्ल्यावर बसून मी मुसळाचा आवाज ऐकला. आवाज चालू असला की सगळं ठीक आहे असं समजायचो. तो थांबला की हाक मारायचो, "काय झालं गं?" आणि मला मिरची संपली का एवढंच विचारायचं असायचं.

तर असं आहे. बाकी इकडे खुशाली आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. भाभींना सलाम, लहानांना दुवा.

आपला,
कमरुद्दीन

ता. क. खरं काम असं की, माफी म्हणून पाटीवर जोहराबीचंच चित्र काढायचं ठरवलं आहे. तिचा फोटो कधी काढलेला नाही. वाल्मीक ब्रश घेऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, तीळ कुठल्या गालावर? भुवया जाड की बारीक? मी म्हटलं, चहा घे. कॅलेंडरवरच्या बाईच्या कानातले झुमके मी डोळे मिटून सांगेन, आणि पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोचा तीळ सांगता येईना. तेव्हा तिच्या नकळत नीट बघून उलट टपाली कळवावं. हे पत्र तिला वाचून दाखवू नये.

ता. क. दुसरा. मुनीरानं वरचं वाचलं. तिनं एवढंच विचारलं, "दादीला विचारलंत का?" नाही विचारलं. त्यामुळे तीळ राहू द्या. भिंत चुन्यानं पांढरी करून घेतली आहे. पत्र जोहराबीला वाचून दाखवा, सगळं, गेणबा जे ओरडला तेसुद्धा. भिंतीवर काय लावायचं, आणि काही लावायचंच की नाही, ते ती सांगेल. परत यायचं की नाही, तेही. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहून पाठवा. मध्ये शिवी आली तर तीसुद्धा गाळू नका.